चूक ऐकू येईल असा ॲम्प्लिफायर

माझ्या वाजवण्याला नवरा पहिल्यांदा "छान" म्हणाला, तेव्हाच मला कळायला हवं होतं की याचं काहीतरी बिघडलंय.

तो छान म्हणणारा माणूस नव्हे. सांगलीला आमचा बघण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा पोह्यांच्या बश्या फिरल्यावर वडिलांनी माझी हवाईयन गिटार आणून माझ्या मांडीवर ठेवली. मुलीला शिवण येतं, पुरणपोळी येते, तशी गिटारही येते हे दाखवायचं होतं. तेव्हा आमच्याकडे ही गिटार शिकवणारे मास्तर गल्लोगल्ली असायचे. ती मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातातला पोलादी बार तारांवरून सरकवायचा आणि भावगीतं वाजवायची. मी यमनमधलं एक भावगीत वाजवलं. मुलाची आई छान म्हणाली, मुलाचे मामा छान म्हणाले, आणि मुलगा म्हणाला, "अंतऱ्याला गंधार उतरला होता."

माझ्या आईने जीभ चावली. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "मग तुम्ही म्हणून दाखवा."

त्याने म्हणून दाखवलं. पोह्यांची बशी हातात तशीच धरून, डोळे मिटून, गंधार जिथे हवा तिथे नेऊन ठेवला.  मी तेवढ्यात ठरवून टाकलं की या माणसाशी भांडत जन्म काढायला हरकत नाही.

तसाच काढला. लग्नानंतर थोड्याच वर्षांत आम्ही मस्कतला आलो. तो वीजकेंद्रात टर्बाइनवर, मी इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवायला. अल् खुवैरच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी मी गिटार काढायची आणि तो वर्तमानपत्रामागून नुसते शब्द टाकायचा. "चढलीस." "उतरलीस." "मींड लांबली, बस्स कर." मी चिडायची, बार आपटायची, "तुम्हाला काय कळतंय," असं म्हणायची आणि पुन्हा वाजवायची. पुन्हा वाजवलं की ते बरोबर यायचं. गुरू म्हणा, वैरी म्हणा, माझा तो एकच श्रोता होता. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत टाळ्या पडायच्या, पण टाळ्या काय, गणपतीत सगळ्यांनाच पडतात.

आणि मग हे "छान" सुरू झालं. पहिले काही दिवस मी खूश होते, खोटं कशाला बोलू. वाटलं, इतक्या वर्षांनी आपला हात बसला. मुलीला कॅनडात फोन करून सांगितलंसुद्धा. पण एका संध्याकाळी मी गिटार वाजवतच नव्हते. फडक्याने तारा पुसत होते, वरपासून खालपर्यंत. नवऱ्याने वर्तमानपत्रावरून माझ्या हाताकडे पाहिलं, हात थांबल्यावर मान डोलावली आणि म्हणाला, "छान."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

कानाच्या डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. टर्बाइनच्या आवाजात वर्षानुवर्षं काम, आणि तरुणपणी कानात बोळे न घालता. "बोळे घातले की मशीन काय बोलतंय ते कळत नाही," असं हा फुशारकीने सांगायचा. वरचे, बारीक आवाज गेले होते. मधले आणि खालचे अजून बरे होते. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, आणि जे आहे तेही उद्या तेवढंच राहील असं नाही. कानातलं यंत्र मिळालं. त्याने बोलणं समजायला लागलं, ऑफिसात त्याचा खूप उपयोग झाला. पण गिटार सुरू केली की तो ते काढून ठेवायचा. त्यातून गाणं स्टीलच्या ताटावर चमचा घासल्यासारखं येतं म्हणाला. दुसऱ्या कुणाला येत नसेलही, याला येत होतं.

"मग छान का म्हणता?" मी विचारलं.

"मग काय म्हणू? ऐकू येत नाही म्हटलं तर तू वाजवायची थांबशील."

कुणालाही या वाक्याने भरून आलं असतं. मलाही आलं, पण आधी राग आला. इतकी वर्षं ज्या माणसाने एक सूर इकडचा तिकडे चालवून घेतला नाही, तो आता माझी समजूत काढत होता. मला समजूत नको होती. मला माझा वैरी परत हवा होता. त्याच्या कानात अजून जेवढी जागा शिल्लक होती तेवढ्यात माझं वाजवणं कसंही करून पोचवायचं, असा मी चंगच बांधला.

कसं, हे मात्र ठाऊक नव्हतं. ते एका शुक्रवारी मदिनत सुलतान काबूस नावाच्या वस्तीत कळलं.

मस्कतमध्ये परदेशी माणूस कायमचा परत निघाला की घरातलं सगळं विकायला काढतो. सुपरमार्केटच्या फळ्यावर चिठ्ठी लागते आणि शुक्रवारी सकाळी आपण सगळे कुणाच्या तरी अंगणात त्याच्या कढया, कुंड्या आणि सोफे उलटेसुलटे करून बघतो. आमचं अर्धं घर अशा घरांतून आलंय. त्या दिवशी आम्ही शिडी घ्यायला गेलो होतो. तेल कंपनीतला एक म्हातारा अमेरिकन टेक्सासला परत चालला होता. नवरा फाटकाशी शिडीच्या पायऱ्या हलवून बघत होता आणि मी आत गेले तर दिवाणखान्यात चार पायांवर एक टेबल होतं, आणि टेबलाला तारा होत्या.

ती पेडल स्टील गिटार. हवाईयन गिटारचीच मोठी बहीण म्हणायला हरकत नाही. बार तसाच डाव्या हातात, पण खाली पायाने दाबायचे पेडल आणि गुडघ्याने ढकलायचे दांडे. ते दाबले की तारा वाजता वाजता आपोआप चढतात-उतरतात. उजव्या पायाखाली आवाज कमी-जास्त करायचा वेगळा पेडल. मी नुसती बघत राहिले. म्हाताऱ्याला वाटलं गिऱ्हाईक आहे. तो बसला आणि त्याने एकच सूर लावला, तो वर नेला आणि खाली आणला. सूर विझायची वाट बघत मी उभी होते, पण तो विझेचना. तार गप्प होत गेली तसा म्हातारा पायाने पेडल दाबत गेला आणि सूर तेवढाच राहिला, गवयाने दम धरावा तसा.

मी सहज बाहेर पाहिलं. फाटकाशी, शिडी हातात धरून, कानात यंत्र नसताना, माझ्या नवऱ्याने मान वळवली होती.

तो आत आला नाही. नुसती मान वळली. पण मी शिडी विसरले आणि ती गिटार घेतली. ज्या ॲम्प्लिफायरमधून ती वाजली तो कोपऱ्यात होता, काळा आणि हा एवढा थोरला, पण तो आधीच विकला गेला होता. कुठल्याशा हॉटेलच्या बँडवाल्यांनी तो दुपारी न्यायचा ठरवला होता. म्हातारा मला समजावून सांगू लागला. या वाद्याला मोठा ॲम्प्लिफायर लागतो, मोठं वाजवायला नव्हे, हळू वाजवायला. आवाज स्वच्छ हवा, स्पीकर पंधरा इंची हवा, मधले आवाज भरपूर हवेत. मी हो हो म्हटलं आणि मनात म्हटलं, अमेरिकन माणूस, याचं सगळंच मोठं. आमचा फ्लॅट दोन बेडरूमचा. खाली सुदानी कुटुंब, वर केरळी. मला काय स्टेडियममध्ये वाजवायचंय?

घरी आल्यावर माझ्या जुन्या, डब्याएवढ्या ॲम्प्लिफायरला ती गिटार जोडली. बोटं आणि पाय नवे होते तरी एक सूर सरळ लागला. नवऱ्याकडे पाहिलं.

"छान," तो म्हणाला.

म्हणजे मान गिटारने वळली नव्हती. त्या काळ्या खोक्याने वळली होती.

पुढचे काही महिने मी पाय बसवण्यात आणि ॲम्प्लिफायर शोधण्यात घालवले. पायांचं सांगत नाही, फक्त एवढंच की साडीत हे वाद्य वाजत नाही. गुडघे मोकळे लागतात. गणपतीच्या कार्यक्रमाला नऊवारी नेसून येणाऱ्या बायकांमध्ये मी पँट घालून बसणार हे कळल्यावर मंडळात जी कुजबुज झाली, ती माझ्या नवऱ्यालासुद्धा ऐकू आली असेल.

ॲम्प्लिफायरसाठी रुवीचा बाजार गाठला. तिथे गाडी लावायला जागा मिळाली की निम्मं काम झालं. माझ्या ओळखीचे एक दुकानदार होते, रत्नागिरीकडचे भाई. लग्नाचे स्पीकर, शाळांचे माईक, बँडवाल्यांनी टाकलेलं जुनं सामान, सगळं त्यांच्याकडे असायचं. मी त्यांना सगळं सांगितलं, फक्त नवऱ्याच्या कानाचं सांगितलं नाही. नवरा दुकानात दहा वेळा गेलेला माणूस, त्याचा मान ठेवायला हवा होता.

"वहिनी, तुमचा घर केवढा? दोन खोल्यांचा," भाई म्हणाले. "तेवढ्याला हा लहानसा पुरे. खलास."

मलाही पटलं. आपण पातेलंसुद्धा घरातली माणसं मोजून घेतो. मी तो गिटारचा लहान ॲम्प्लिफायर घेतला आणि वरून स्वतःची अक्कल चालवली. नवऱ्याला बारीक आवाज ऐकू येत नाहीत ना, मग बारीक आवाजच वाढवू. जे कमी आहे ते वाढवायचं, साधं गणित. ट्रेबलचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि वाजवायला बसले.

नवऱ्याने डोळे घट्ट मिटले. मला वाटलं, रमला. मग पाहिलं तर त्याने खुर्चीचा हात आवळून धरला होता.

"काय होतंय?"

"काही नाही. छान आहे."

"खरं सांगा."

"टोचतंय गं. दाभण घातल्यासारखं."

जे ऐकू येत नव्हतं ते वाढवल्याने ऐकू येत नव्हतंच, फक्त दुखत होतं. ट्रेबल उतरवलं तर सूर पोचेना. आवाज वाढवून सूर लांबवायला पायाने पेडल दाबला की तो लहानगा ॲम्प्लिफायर फाटायचा. सूर सरळ निघायचा आणि शेवटी त्याच्या चिंध्या व्हायच्या. मी वैतागून हे नवऱ्याला सांगितलं तर त्याच्यातला इंजिनिअर जागा झाला.

"फाटणारच. तू त्याला कायम फुल लोडवर चालवतेयस. वीजकेंद्र असं चालवलं तर एका दिवसात बंद पडेल. राखीव काही ठेवायला नको?"

"म्हणजे दुधाचं पातेलं," मी म्हणाले.

"काय?"

"दुधाचं पातेलं! दुधाएवढंच पातेलं घेतलं की उतू जातं!"

तो हसला. तेव्हा मला टेक्सासचा म्हातारा आठवला आणि लाज वाटली. मोठा ॲम्प्लिफायर हळू वाजवायला लागतो. तार जोरात असते तेव्हा पाय निम्म्यावर ठेवायचा, तार थकत गेली की पाय खाली न्यायचा, आणि तेव्हा त्या खोक्यात शिल्लक काहीतरी असायला हवं. ती शिल्लक विझणाऱ्या सुरासाठी असते. हे त्याने मला फुकट सांगितलं होतं आणि मी ते अंगणात सोडून आले होते.

मधल्या काळात मंडळाची तालीम झाली. हॉलमध्ये भाड्याचे माणसाएवढे स्पीकर होते. म्हटलं, एवढा मोठा आवाज तरी पोचेल. आमच्या मंडळात आवाजाचं काम बघणाऱ्यांचा एकच मंत्र, एको. भाषण असो, आरती असो की भावगीत, एको टाकल्याशिवाय त्यांना ते कार्यक्रमाचं वाटत नाही. "मॅडम, थोडा एको टाकतो, एकदम रेडिओसारखं येईल." आलं. एक सूर दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, सगळी खिचडी. पहिल्या रांगेत बसलेल्या नवऱ्याने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या आणि मला लांबूनच तो ओठांनी म्हणताना दिसला, छान. आवाज मोठा असून भागत नाही, हे कळलं.

मग भाईंनी कीबोर्डचा एक ॲम्प्लिफायर चार दिवस वापरायला दिला. तो मोठा होता, स्वच्छ होता, फाटत नव्हता. एको नाही, काही नाही. मी मोठ्या आशेने ते यमनचं भावगीत काढलं, तेच, बघण्याच्या कार्यक्रमातलं. पूर्ण वाजवलं. नवऱ्याने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं होतं, पुढे वाकून ऐकत होता. मला वाटलं, आज.

"हे नवीन बसवलंस का?" त्याने विचारलं. "कुठलं गाणं आहे?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून रडले. नळ सोडायचीसुद्धा गरज नव्हती, हे लक्षात आलं तेव्हा आणखी रडले. मुलीचा फोन आला. तिला सांगितलं तर म्हणाली, "आई, जस्ट गिव्ह हिम हेडफोन्स ना. किंवा... काय म्हणतात... लेट इट गो." तिचं चूक नव्हतं. हेडफोनही लावून पाहिले होते, त्यात त्याला तेच चमच्या-ताटाचं ऐकू येत होतं. पण लेट इट गो म्हणे! ज्या घरात गंधारावरून आठवडाभर अबोला धरला जायचा, त्याच घरात ती वाढली होती ना?

त्या दिवशी मी एक गोष्ट ठरवली. यापुढे नवऱ्याला "कसं वाटलं" म्हणून विचारायचं नाही. विचारलं की तो छानच म्हणणार. ॲम्प्लिफायर निवडायचा तर त्याच्या शब्दांवर निवडायचा नाही. मी गणिताची बाई आहे. वर्गात मुलांना समजलं का हे पाहायचं असेल तर मी "समजलं का?" असं विचारत नाही. फळ्यावर मुद्दाम एक पायरी चुकीची लिहिते आणि कोण ओरडतं ते बघते. कुणीच ओरडलं नाही, तर कुणालाच समजलेलं नाही.

तेव्हा मी चुकायचं ठरवलं.

आता नवऱ्याला बरोबर घेऊन रुवीला जायला लागले. दुपारची सुट्टी संपून दुकानं उघडली की आम्ही हजर. गिटारचे पाय काढून तिची पेटी गाडीच्या डिकीत, मागच्या सीटवर माझं स्टूल. भाई जो ॲम्प्लिफायर दाखवतील त्याला गिटार जोडायची, मुखडा बरोबर वाजवायचा, आणि अंतऱ्याला बार मुद्दाम अलीकडे ठेवून गंधार उतरवायचा. चांगला उतरवायचा, कुणालाही कळेल इतका. आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. त्याने छान म्हटलं की तो ॲम्प्लिफायर बाद.

"हा नको, भाई. दुसरा."

"दुसरा आहे, इन्शाल्ला," भाई म्हणायचे. दरवेळी मी तीच चूक करत होते आणि दरवेळी माल परत करत होते. भाईंना सगळं कोडंच होतं. शेवटी एकदा नवरा गाडीकडे गेला असताना त्यांनी मला हळूच सांगितलं, "वहिनी, राग मानू नका. ॲम्प्लिफायरचा दोष नाय वो. तुमचा तो वरचा सूर जरा... प्रॅक्टिस कमी पडते."

इतकं हसू आलं मला. रुवीतल्या दुकानदाराला चूक ऐकू येत होती, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही आली असेल, फक्त ज्याला यायला हवी त्याला येत नव्हती. मग मी भाईंना खरं सांगून टाकलं. कानाचं, टर्बाइनचं, छानचं.  त्यांच्या वडिलांचंही असंच झालं होतं म्हणाले, जहाजाच्या इंजिनावर काम करून. मग म्हणाले, "मागच्या गोदामात एक धूड पडलाय. बेस गिटारचा. कोण घेत नाय, उचलायलाच दोन माणसां लागतात. शुक्रवारी या."

शुक्रवारी गेलो. गोदामात एसी नव्हता, एक पंखा होता तो गरम हवाच फिरवत होता. धूड खरोखरच धूड होतं. जाळी एका कोपऱ्यात फाटलेली, बटणांवरचे आकडे पुसलेले, पण आत पंधरा इंची स्पीकर. मी घरी तारा सुरात लावून आले होते, तशीच बसले. ट्रेबल जवळजवळ बंद केलं, मधलं बटण वर नेलं. उजवा पाय निम्म्यावर ठेवला. नवरा एका उलट्या खोक्यावर बसला, यंत्र काढून खिशात टाकलं आणि रुमालाने मान पुसायला लागला. त्याला कंटाळा आला होता, मला दिसत होतं. 

मुखडा सुरू केला. त्या धुडातून जो आवाज आला तो मी आधी ऐकला नव्हता. रुंद, स्वच्छ, कुठेच न टोचणारा. तार थकली तसा पाय खाली नेला आणि सूर तसाच उभा राहिला, फाटला नाही, हलला नाही. पण मला त्यात रमून चालणार नव्हतं. माझं सगळं लक्ष अंतऱ्याकडे होतं. तिथे चुकायचं होतं. मुखडा हाताच्या सवयीने चालला होता आणि मी मनात, आता येईल अंतरा, बार अलीकडे, चांगला अलीकडे, असं घोकत होते.

"थांब," नवरा म्हणाला.

मी थांबले. मला वाटलं, त्याला उकाडा सहन होत नाही.

"गंधार उतरलाय."

"अजून अंतरा आलाच नाही," माझ्या तोंडून गेलं.

"अंतरा कशाला? इथेच. मुखड्यात. दोनदा उतरला." त्याने रुमालाची घडी घातली, अगदी सावकाश. "किती वर्षं सांगतोय, गंधाराला आळस करू नकोस."

"काही उतरला नाही! मी बरोबर वाजवत होते!"

"उतरला."

मी तावातावाने तारा तपासल्या. एक-एक करत तिसऱ्या तारेवर आले. गोदामाच्या उकाड्यात तिसरी तार ढिली पडली होती, आणि गंधार त्याच तारेवर होता. थोडीशीच ढिली. भाईंनाही कळली नव्हती, मलाही नाही. मी पुढच्या खोट्या चुकीची तयारी करत होते आणि त्याने माझी खरी चूक पकडली होती.

 भाई माझ्याकडे बघत होते, मी नवऱ्याकडे. त्यालाही आता उमगत होतं. रुमाल हातात तसाच राहिला. तो त्या काळ्या धुडाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. त्याचे डोळे भरले आणि मला ते बघवेना. मी या माणसाला ओळखते, आता कुणी मायेचं एक वाक्य बोललं असतं तर तो उठून बाहेर गेला असता.

तार चढवली, स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाले, "मग तुम्ही म्हणून दाखवा."

कान गेल्यापासून तो गायला नव्हता. स्वतःचाच सूर नीट कळत नाही म्हणून आरतीलासुद्धा नुसते ओठ हलवायचा. त्याने एकदा भाईंकडे पाहिलं, एकदा पंख्याकडे. भाईंनी पंखा बंद केला. मी मधला षड्ज लावून धरला, पाय हळूहळू खाली नेत, त्याला तो सापडेपर्यंत विझू न देता.

त्याने डोळे मिटून म्हटलं. आवाज घोगरा झाला होता, दम पुरत नव्हता, मुखडा कसाबसा निघाला, आणि अंतऱ्याला गंधार चांगलाच उतरला. संपल्यावर भाईंनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "माशाल्ला, भाऊ. छान."

मी नाही छान म्हटलं.

"उतरला," मी म्हणाले. "पुन्हा म्हणा."